जोडवेलीची डावी बाजू

मानपत्राचा मजकूर सकाळीच सुकला होता. कलामंडळाच्या चिटणिसांनी पाठवलेल्या मूळ मसुद्यात धाकट्यांना एकाच वाक्यात दोनदा ‘अद्वितीय’ ठरवले होते. आत्यांनी, म्हणजे थोरले आणि धाकटे या दोन भावांच्या मधल्या बहिणीने, लाल पेन्सिल फिरवून एकूण एक विशेषण काढले, तेव्हा तो मजकूर प्रथमच एखाद्या हयात माणसाविषयीचा वाटू लागला. घरातून बाहेर पडणारे प्रत्येक मानपत्र आधी आत्यांच्या नजरेखालून जाई. त्यावरून त्यांचे असे मत बनले होते की गौरव करणाऱ्यांना माणूस जितका कमी ठाऊक, तितका मजकूर लांबतो.

थोरल्यांनी तो टाकाने उतरवला होता. उभ्या दंडात शाई भरदार, वळणावर ती ओसरत ओसरत केसाइतकी बारीक, आणि पहिल्या अक्षराच्या पोटात पानाफुलांची अशी दाटी की तिथे मुंगीलाही वाट विचारावी लागली असती. कागदाचा माथा मात्र अजून कोरा होता. तिथे जोडवेल यायची होती.

जोडवेल ही या घराची ओळख. कागदाच्या दोन कडांवरून दोन वेली निघतात, वळसे घेत मध्यावर येतात आणि एकमेकींत मिसळतात. एक म्हणजे दुसरीचे आरशातले रूप. हे एका हाताचे काम नव्हे. टाकाचे निब ओढताना दाब घेते, ढकलताना घेत नाही, त्यामुळे उजवा हात जिथे रेघ जाड करतो तिथेच आरशातल्या बाजूला त्याच हाताने ती बारीक पडते. म्हणून उजवी वेल उजव्या हाताने काढायची, डावी वेल डाव्या हाताने, दोन माणसांनी शेजारी शेजारी बसून, एकाच वेळी. थोरले जन्माने उजवे, धाकटे जन्माने डावे. निसर्गाच्या या योगायोगाला घराने परंपरा असे नाव दिले होते.

धाकट्यांच्या अंगठ्याचा सांधा वर्षानुवर्षे आखडत आता पुरता थांबला होता. मानपत्र त्यासाठीच होते. माणसाचा हात थांबल्याशिवाय त्या हाताचे मोल कळत नाही, अशी संस्थांची सर्वसाधारण रीत असते. असे काम करणारे दुसरे कोणी उरले नसल्याने ते मानपत्र त्याच घराकडून करून घ्यावे लागावे, यात चिटणिसांना काही विचित्र वाटले नव्हते. घराचा एक नियम होता: स्वतःच्या गौरवाच्या कागदावर कोणी हात चालवायचा नाही. म्हणून धाकट्यांना आज कामाच्या खोलीत मज्जाव होता, आणि डावी वेल काढायला थोरल्यांची मुलगी येणार होती. ती दंतवैद्य होती. दवाखाना बंद असेल त्या दिवशी येऊन तिने गेली काही वर्षे काकांची बाजू सांभाळली होती.

आतल्या खोलीत काकू, म्हणजे धाकट्यांच्या पत्नी, त्यांना नवा कोट घालून पाहत होत्या. बाहीतून हात घालता घालता ते म्हणाले की दादा आज पोरीला विचारणार आहेत; निम्मा वेळ दवाखाना बंद ठेव आणि डावीकडची खुर्ची कायमची घे, असे. काकूंनी खांद्यावरची चुणी सारखी केली आणि विचारले, तिला सगळे ठाऊक नसताना विचारणार का?

“आजचा दिवस जाऊ दे,” धाकटे म्हणाले.

“तुमचा आजचा दिवस जाता जात नाही,” काकू म्हणाल्या. “ती एवढीशी होती तेव्हापासून चालूच आहे तो.”

त्या कोटाची दुसरी बाही घालायची तशीच ठेवून बाहेर गेल्या. आईविना पोर त्यांनी वाढवली होती. तिला ताप आला की त्या जागल्या, तिच्या वेण्या त्यांनी घातल्या, ती रुसली की तिच्या दाराशी त्या बसल्या. एवढे सगळे करणाऱ्या बाईने एका गोष्टीबद्दल तोंड बंद ठेवावे आणि त्या मौनालाही मायाच समजावे, हे घराघरांत इतके सर्रास होते की त्याला नाव देण्याची कोणाला गरज भासलेली नाही.

कामाच्या खोलीत दंतवैद्याने बाह्या दुमडून दौत जवळ ओढली होती. आत्या खिडकीशी बसून तिला चिटणिसांच्या मूळ मसुद्यातले वेचे वाचून दाखवत होत्या, आणि ती हसत होती. आत्या तिला डॉक्टरीणबाई म्हणत. लहानपणी याच मुलीने त्यांना दात दाखवायला नकार दिला होता आणि आता ती जगाचे दात बघत बसते, हा त्यांचा आवडता विनोद होता आणि तो त्यांनी आजही सोडला नाही.

थोरले उजवीकडच्या खुर्चीत येऊन बसले. त्यांनी भाषण तयार केले होते हे तिला त्यांच्या घसा साफ करण्यावरून कळले. ते घराविषयी बोलले, वडिलांविषयी बोलले. शाळेत मास्तरांनी धाकट्याच्या डाव्या हातावर पट्टी मारली तेव्हा आपले वडील वर्गात शिरले, पोराला उचलून घरी घेऊन आले आणि त्याच डाव्या हातात त्यांनी टाक दिला, ही गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. ती गोष्ट या घराचा पाया होती. घराला तिचा अभिमान इतका होता की तिचा अर्थ काय, हे कोणी तपासून पाहिले नव्हते.

“तर मी म्हणत होतो,” थोरले शेवटी म्हणाले, “दवाखाना काय, दुसरा कोणीही चालवील. ही खुर्ची दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. तू हा हात घेऊन जन्माला आलीस.”

“नाही आली, भाऊजी,” काकू दारातून म्हणाल्या.

आत्यांच्या हातातला कागद खाली आला. थोरल्यांनी भावजयीकडे पाहिले ते रागाने नव्हे. रांगेत मांडलेल्या निबांपैकी एक कोणी हलवले, तर ते जसे पाहत, तसे.

“वहिनी, आत्ता?” आत्या हळू म्हणाल्या.

“मग कधी, वन्सं? तिने खुर्ची घेतल्यावर?” काकू टेबलापाशी आल्या. “बाळ, तू उजवी होतीस. चमचा उजव्या हातात धरायचीस. खडू दिला तर उजव्यातच. मग तुला बाहुली दिली.”

दंतवैद्याला बाहुली आठवत होती. चिंध्यांची, आत्यांनी शिवलेली, लोकरीच्या केसांची. लहानपणी ही पोर बाहुली उजव्या हातातून खाली ठेवायलाच तयार नसे, जेवतानासुद्धा नाही, हा किस्सा घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगितला जाई, आणि तीही तो ऐकताना दरवेळी थोडी लाजत असे. आता तिच्या ध्यानात आले की बाहुलीच्या पोटाला एक फीत होती. ती फीत तिच्या उजव्या मनगटाला बांधलेली असे. बाहुली खाली पडून हरवू नये म्हणून, असे तिला सांगितले होते.

तिचे मन दंतमहाविद्यालयाच्या त्या लांब खोलीत गेले, जिथे सगळी हत्यारे प्रत्येक खुर्चीच्या उजव्या अंगाला मांडलेली असत. रुग्णाच्या अंगावरून वाकून, कंबरेतून पिळवटून ती शिकली होती. पाठीचे दुखणे तिथलेच. पुढे स्वतःचा दवाखाना थाटला तेव्हा तिने सगळी मांडणी उलटी करून घेतली. दिवा, तबक, चूळ भरायचे भांडे, सगळे. कारागीर म्हणाला होता, बाई, असे कोणी करत नाही. तिने त्याला आजोबा आणि मास्तरांच्या पट्टीची गोष्ट सांगितली होती. अभिमानाने सांगितली होती. नंतर मदतनीस बायकांनाही तिने सगळे उलटे शिकवले, आणि त्यांनी कुरकूर केली की त्यांनाही तीच गोष्ट ऐकवली.

“कोणी ठरवलं?” तिने विचारले.

“मी,” थोरले म्हणाले.

“बाहुली मी शिवली,” आत्या म्हणाल्या. “फितीची कल्पना माझी. दादाला असलं काही सुचत नाही.”

“सुचत नाही कसं? मी सांगितलं म्हणून तू शिवलीस.”

“तू म्हणालास, काहीतरी कर. काहीतरी म्हणजे काय ते मी ठरवलं.”

“रोज सकाळी बांधत कोण होतं?” काकू म्हणाल्या. “तुम्ही दोघं भाऊ तर इथे वेली काढत बसलेले.”

एवढ्यात धाकटे आत आले. आज त्यांना तिथे यायची बंदी होती, पण घरात आवाज चढले की बंदी आपोआप उठते. कोटाची एक बाही अंगात होती, दुसरी पाठीमागे लोंबत होती. “टाक मी दिला तिच्या हातात,” ते म्हणाले. “तुम्ही सगळे बाजूला व्हा. शिकवलं मी.”

अपराध वाटून घेण्यावरून या कुटुंबात जी चुरस सुरू झाली ती पाहून एखाद्या परक्याला वाटले असते की काहीतरी गोड वाटले जात आहे. कोणी मागे सरायला तयार नव्हते. थोरल्यांना सगळा भार हवा होता कारण घराचे प्रमुख ते होते, आत्यांना हवा होता कारण कल्पना त्यांची होती, काकूंना हवा होता कारण गाठ त्यांच्या बोटांनी मारली होती. यात लबाडी कोणाचीच नव्हती. आणि जिच्या हाताचा प्रश्न होता, तिला अजून कोणी काही विचारले नव्हते.

“एकेक करून,” दंतवैद्य म्हणाली. “सगळ्यांचा नंबर लागेल. दवाखान्यात असंच असतं.”

आत्यांना हसू आले आणि त्यांनी ते दाबले. धाकटे मात्र तिच्याकडेच पाहत राहिले. त्यांनी तिला पहिल्यांदा डाव्या हातात टाक धरलेले पाहिले तो क्षण ते विसरले नव्हते. तोवर त्यांच्या जगात सगळे उजवेच होते. कात्री, दाराची कडी, भावाचा खांदा. शाबासकी पुष्कळ मिळाली होती, सोबत मिळाली नव्हती. त्या दिवशी पोरीने वाकडीतिकडी रेघ ओढली आणि त्यांना जो आनंद झाला तो इतका खरा होता की त्यामागचे कारणही खरेच असणार, असे ते धरून चालले. बाहुली त्यांना दिसत होती. ते तिच्याकडे बघत नसत, इतकेच.

“मला एकटं वाटायचं गं,” ते म्हणाले. “दुसरं काही कारण नाही.”

पट्टीपासून वाचवलेल्या हाताला सोबत मिळावी म्हणून दुसरा हात बांधून ठेवायचा. मास्तरांना निदान आपण मारतो आहोत हे ठाऊक होते. इथे तेही कोणाला ठाऊक नव्हते. दंतवैद्याला राग आला होता आणि तो राग थंड, नेमका होता. पण समोर अर्ध्या कोटात उभ्या असलेल्या काकांवर तो टेकवायला तिला जागा सापडेना.

तिने रद्दी कागदांतला एक ओढला. टाक उजव्या हातात घेतला. कसा धरायचा ते तिला कळत होते, पण बोटांना कळत नव्हते. अंगठा कुठे जावा ते त्याने दोनदा चुकवले. मग तिने एक वळसा काढला. तो गोल नव्हता. कागदावर शाईचे शिंतोडे उडाले आणि रेघ मध्येच दबून फुगली. तिने आणखी एक काढला. तोही तसाच.

या घरात वाईट रेघेबद्दल गप्प बसण्याची ही बहुधा पहिलीच वेळ होती.

तो हात लहान मुलीचा होता. तिचे बाकीचे शरीर वाढले, शिकले, दवाखाना चालवू लागले, आणि हा हात फितीपाशी थांबून राहिला होता. परत जाण्यासारखी दुसरी जागा तिला नव्हती. तिचा चांगला हात यांनी बनवलेला होता आणि तिचा स्वतःचा हात बनायचाच राहिला होता.

“संध्याकाळी कलामंडळाची गाडी येईल,” थोरले म्हणाले. आवाज त्यांना नको होता तितका करडा लागला. “वेलीचं काय करायचं?”

“भाऊजी,” काकू म्हणाल्या.

“नाही, बरोबर आहे त्यांचं,” दंतवैद्य म्हणाली. “काकांचा कागद बोडका जायचा नाही. पण हा डावा हात मी आज कोणाला देणार नाही, बाबा. उद्याचं उद्या. मला काही कबूल करून घेऊ नका.”

ती उठली आणि टेबलाला वळसा घालून उजवीकडे आली. थोरले कळत नकळत खुर्चीतून बाजूला झाले. कदाचित त्यांना वाटले, ती खिडकी लावायला आली आहे. ती त्यांच्या खुर्चीत बसली. तिने उंची सारखी केली, उजवा हात कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर नेऊन पाहिला.

“उजवी वेल मी काढते,” ती म्हणाली. “याच हाताने.”

थोरले स्वतःच्या कामाच्या खोलीत उभे होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना समजत नव्हते. त्यांच्या आयुष्यात इतकी मानपत्रे झाली, पण जोडवेलीच्या वेळी ते कधी उभे राहिले नव्हते.

“मी कुठे बसू?”

तिने हनुवटीने डावीकडची खुर्ची दाखवली.

धाकटे पुढे झाले. अंगठा आखडला असला तरी एवढे मी करीन, एकदा नियम मोडला तर वडील काही उठून येणार नाहीत, असे ते सांगू लागले. थोरल्यांनी भावाला हाताने अडवले. स्वतःच्या मानपत्रावर कोणी हात चालवायचा नाही. तो नियम त्यांच्याने मोडवला नसता. पण धाकट्यांना थोपवल्यावर आता पुढे कोण, हे त्यांचे त्यांनाच उमगले, आणि ते बराच वेळ त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत राहिले.

“मला डाव्या हाताने साधी गुंडी लावता येत नाही,” ते म्हणाले.

“मलाही येत नव्हती,” ती म्हणाली.

थोरले बसले. डाव्या हाताचा टाक वेगळा असतो, त्याचे निब तिरके बसवलेले. तो त्यांनी शेकडो वेळा भावासाठी पुसून ठेवला होता, धरला कधी नव्हता. रद्दीवर पहिली रेघ ओढली तेव्हा निबाने कागद खरवडला. दुसऱ्या वेळी शाईचा थेंब गळला. धाकटे मागे उभे राहून पुटपुटले, “दादा, मनगट नको, कोपर.” थोरल्यांनी मान हलवली. भावाकडून त्यांनी यापूर्वी काही शिकून घेतल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते.

“चिटणीस काय म्हणतील?” काकूंनी विचारले.

“त्यांना मी बघते,” आत्या म्हणाल्या. “त्यांची विशेषणं माझ्याकडे आहेत. परत करीन म्हणून सांगते.”

“आणि मला विचारणार की नाही कोणी?” धाकटे म्हणाले. “मानपत्र माझं आहे. यांची वेल वाकडी येणार, हिची त्याहून वाकडी. मला चालेल. ही दोघं काढणार असतील तरच मला ते घ्यायचं आहे, नाहीतर मी कोट काढतो.” मग त्यांनी लोंबणारी बाही चाचपली आणि काकूंनी ती त्यांना निमूटपणे घालून दिली.

दोघांनी टाक बुडवले. खांद्याला खांदा लागला. तिच्या डाव्या खांद्याला त्यांचा उजवा. दोघांचेही चांगले हात मध्ये अंगाशी निजून राहिले आणि नको ते दोन हात कागदाच्या दोन कोपऱ्यांवर जाऊन थांबले. थोरल्यांनी नेहमीप्रमाणे श्वास घेतला, तिनेही घेतला, आणि वेली निघाल्या.

त्या चांगल्या नव्हत्या. पहिल्याच वळणाला थोरल्यांची रेघ अडखळली, आणि तिच्या बाजूची तर त्याआधीच फाकली होती. पाने पानांसारखी दिसत नव्हती. या खोलीत कोणी विद्यार्थी असता तर अशा कामाबद्दल त्याला उठवून लावले असते. तरी धाकट्यांचा आखडलेला अंगठा खिशात आपोआप हलत होता.

जोडवेलीत टाक मध्येच उचलायचा नसतो. दोन्ही निबे मध्यावर मिळाली की मगच उचलायची, नाहीतर सांधा दिसतो. इतकी वर्षे वेग थोरल्यांचा असे. ते आपल्या चालीने मध्यावर पोहोचत आणि धाकटे काहीही करून त्याच क्षणी तिथे असत. थोरल्यांना ही जुळणी वाटे. त्या जुळणीसाठी दुसऱ्या कोणाला धावावे लागत असेल, असे त्यांच्या कधी मनात आले नव्हते.

आज ती आधी पोहोचली. तिचे निब कागदाच्या मध्यावर टेकले आणि थांबले. थोरले अजून दुसऱ्या वळशात होते. त्यांच्या कपाळावर घाम होता, ओठ लहान मुलासारखे दुमडलेले होते आणि डाव्या हाताची बोटे पांढरी पडली होती. तिच्या निबातून शाई झिरपू लागली. आधी टाचणीच्या टोकाएवढी, मग मसुराएवढी. टीपकागद काकूंच्या हाताशी होता. त्यांनी तो उचलला नाही.

“टाक उचलू नकोस,” थोरले मान वर न करता म्हणाले.

“नाही उचलत.”

“मला वेळ लागेल गं.”

“लागू दे, बाबा,” ती म्हणाली, आणि शाई पसरत असताना तिथेच थांबून राहिली.